आसन

लेख कशावर आहे असं संपादक मंडळातल्या मित्राने विचारलं तेव्हा मी "चड्डीवर" असं खरं ते सांगून टाकलं. तो हसला. तुम्हीही हसा, हरकत नाही. पण ज्याने एकदा जीन्स घालून पन्नास किलोमीटर सायकल मारली आहे तो हसणार नाही. तो गंभीर होऊन पुढे वाचेल.

झालं असं की सेकंड इयरला पास आऊट होणाऱ्या एका सिनियरकडून मी त्याची गिअरची सायकल घेतली. माझा रूम पार्टनर (गावावरून आम्ही त्याला 'लातूर' म्हणतो) आधीपासूनच सायकलवेडा. त्याने माझ्या डोक्यात ब्रेव्हे नावाचं खूळ घातलं. दोनशे किलोमीटर अंतर, साडेतेरा तासांची मुदत. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोचलात की झालं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली होती, म्हणजे सुमारे ४८०० किलोमीटर. त्याचा दाखला देऊन लातूर म्हणाला, "आपल्याला दोनशे जमणार नाहीत का?" ठरलं. जानेवारीत करायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी, म्हणजे उल्हासनगरला, गेल्यावर सराव सुरू केला. रूट सोपा. कॅम्प नंबर पाचमधून निघायचं, अंबरनाथ, बदलापूर आणि मग उल्हास नदी ओलांडून बारवी धरणाकडे. जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर. बदलापूर मागे पडलं की रिक्षांचे हॉर्न थांबतात, झाडी सुरू होते आणि आपण खरंच ठाणे जिल्ह्यात आहोत का असा प्रश्न पडतो. अंगात अर्थातच जीन्स. उल्हासनगरच्या पोराच्या कपाटात दुसरं काय असणार?

जाताना मजा आली. येताना बदलापूरपासून मी सीटवर कमी आणि पेडलवर उभा जास्त होतो. अंबरनाथला सायकलवरून उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो. दोन दिवसांनी नको त्या जागी गळू आलं. आईला सांगितलं, पाठ दुखते. डॉक्टरांना मात्र खरं सांगावं लागलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आठ दिवस सायकलला हात लावायचा नाही म्हणून दम दिला. त्या आठ दिवसांत मी पालथं झोपून पुस्तक वाचायची कला शिकलो.

मग पॅडवाली शॉर्ट घ्यायची ठरवली. दुकानात जी सगळ्यात स्वस्त ती घेतली. साडेतीनशे रुपये. बोटाने दाबून पाहिली, मऊ लागली, म्हटलं झालं काम. पुढच्या राइडला तीही फेल. स्पंजचा गोळा होऊन एका बाजूला गेला आणि शिवण पुन्हा तिथेच घासली.

इथे एक कबुली द्यायला हवी. हॉस्टेलवर कुणी विचारलं की मी सांगायचो, "पप्पांचा गारमेंटचा बिझनेस आहे." ते एकदम खोटंही नव्हतं. पप्पा जीन्सच्या कारखान्यात मशीनवर कारागीर आहेत, पीसवर रोजी. आई घरी धागा कटिंग करते, म्हणजे शिवून आलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कात्रीने कापायचे. आमच्या एका खोलीत टीव्हीपेक्षा जीन्सचा ढीग उंच असतो. म्हणून मी कधी कुणाला घरी बोलावलं नाही.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात लातूर न सांगता आला. हॉस्टेलला लवकर परतला होता, तिथून शिळफाट्यामार्गे सायकल मारत थेट आमच्या गल्लीत. पत्ता कुणाकडून काढला देव जाणे. दार उघडलं तर हा घामाने भिजलेला, अंगाला चिकटलेल्या काळ्या शॉर्टमध्ये उभा आणि मागे गल्लीतली सगळी पोरं. आई ढिगाच्या मध्ये कात्री घेऊन बसलेली. लाइट गेल्यामुळे कारखाना बंद, म्हणून पप्पाही घरी. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

लातूरने आंघोळ केली, माझी लुंगी गुंडाळली आणि शॉर्ट धुऊन दोरीवर टाकली. पप्पांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी ती काढली, उलटी केली आणि चष्मा लावून उजेडात धरली.

"फ्लॅटलॉक आहे," पप्पा म्हणाले. "बघ, दोन तुकडे एकमेकांवर चढवलेले नाहीत, शेजारी शेजारी ठेवून सपाट शिवलेत. वरून हात फिरव, लागत नाही. आणि पॅडच्या मधून एकही शिवण नाही. ज्याने शिवलंय त्याला काम येतं."

मग माझी मागवली. आतून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "साधं ओव्हरलॉक. शिवण बरोबर मधोमध. ही शिवलेली नाही, जमवलेली आहे." मग माझ्याकडे बघून, "आणि आत काय घालतोस?"

मी गप्प.

"म्हणजे अंडरवेअरच्या शिवणी वेगळ्या! अरे, आहेत त्या शिवणींवर अजून शिवणी चढवतोस?" ढिगामागून आईच्या हसण्याचा आवाज आला.

मग पप्पांनी ढिगातली एक जीन्स घेतली आणि आम्हाला आसन दाखवलं. आसन म्हणजे दोन पाय जिथे येऊन मिळतात तो जोड. पुढचे दोन आणि मागचे दोन, असे चार तुकडे तिथे एकत्र येतात. प्रत्येक शिवण दुमडून मारलेली, त्यामुळे एकाच ठिकाणी डेनिमचे कितीतरी थर जमतात. "इथे मशीनची सुई तुटते. हातोडीने ठोकून जोड दाबावा लागतो, तेव्हा सुई आत जाते. आणि तू त्यावर बसून बारवीला गेलास!"

बायोमेकॅनिक्स मला त्या दिवशी कळलं. खुर्चीवर आपलं वजन मांड्यांवरही पसरतं. सायकलच्या अरुंद सीटवर ते बसण्याच्या दोन हाडांवर आणि मधल्या नाजूक भागावर येतं. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरतो, म्हणजे तासाला चार-पाच हजार वेळा कापड तिथे घासतं. त्यात घाम. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं.

लातूर इतका वेळ ऐकत होता. त्याने एकदम विचारलं, "काका, दिवसाला किती पीस निघतात?" माझ्या पोटात गोळा आला. पप्पांनी सरळ सांगितलं. सीझनमध्ये किती, मंदीत किती, एका पीसला काय मिळतं ते सगळं.

लातूर म्हणाला, "आमचे अण्णा मार्केट यार्डात हमाल आहेत. पोतं घेताना आधी पाठीवर बारदानाची घडी टाकतात. घडी सरकली की पाठ सोलते. तुमच्या पोराचं तसंच झालंय."

मी त्याच्याकडे बघितलं. "तू तर म्हणाला होतास तुमची आडत आहे."

"आणि तू म्हणाला होतास बिझनेस आहे."

दोघेही काही बोललो नाही. मग आधी तो हसला, मग मी.

आता नवीन सायकलवाल्यांसाठी, आमच्या खर्चाने मिळालेलं ज्ञान फुकट देतो. पॅड नुसतं मऊ नको, घट्ट हवं, आणि बसण्याच्या हाडांखाली जास्त दाट. बोटाने दाबलं की तळाला टेकणारा स्पंज तासाभरात सपाट होतो. शॉर्ट अंगाला घट्ट बसायला हवी, सैल झाली की घासते. आरशासमोर ताठ उभं राहून ठरवू नका, सायकलवर वाकतो तसं वाकून बघा. आत काही घालायचं नाही. लाज वाटत असेल तर वरून साधी हाफ पँट चढवा, मी तेच करतो. मुलींसाठी पॅडचा आकार वेगळा असतो, तो बघून घ्या. लांब जायचं असेल तर आधी व्हॅसलीन लावा. पूर्वी हे पॅड शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याचं असायचं, ते मऊ ठेवायला क्रीम चोळायचे. कातडं गेलं, नाव आणि क्रीम राहिलं. राइड झाली की शॉर्ट लगेच काढा, धुवा, उलटी करून वाळवा. न धुता दुसऱ्यांदा घालाल तर माझ्यासारखे पालथे झोपाल. आणि सीट फार उंच असेल तर कंबर दोन्हीकडे डुलते, मग कितीही महाग शॉर्ट घ्या, उपयोग शून्य.

पप्पांनी मला पैसे दिले आणि म्हणाले, "किंमत बघू नको, उलटी करून बघ." चार दुकानांत मी शॉर्ट उलट्या करून बघितल्या. दुकानदार वैतागले. शेवटी अकराशेला एक मिळाली. पप्पांचे किती पीस झाले ते मनात मोजलं, इथे लिहीत नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा बारवीला गेलो. येताना अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबलो. इ.स. १०६० मधलं शिलाहारांचं मंदिर, दगडावर दगड असे बसवलेले की जोड शोधावा लागतो. लातूर भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "फ्लॅटलॉक."

जानेवारीत दोनशे किलोमीटर केले. तेरा तास दहा मिनिटं लागली, म्हणजे मुदतीला वीस मिनिटं बाकी होती. पाय गेले, मान गेली, तळहात सुन्न झाले. रात्री घरी फोन केला. पप्पांनी कितवा आलास, किती वेळ लागला, काही विचारलं नाही.

"शिवण लागली का?"

"नाही पप्पा."

"मग ठीक," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.