कोमट पाणी

केळीच्या वाडीतून रात्री बॅटरीचा उजेड हलत चाललेला दिसला की आई क्रूसाची खूण करायची आणि हळूच विचारायची, "कोण गेलं असेल गं?"

उजेड मावशीचा असायचा. दोन सेलची पत्र्याची बॅटरी, काच तडकलेली. तिच्या प्रकाशात पुढचं पाऊल आणि बावखलाचा, म्हणजे वाडीतल्या तळ्याचा, काठ, एवढंच दिसे. तिला तेवढं पुरत असे.

मावशी आमच्या नात्यातली नव्हे. वसईतल्या आमच्या गावात घरातलं बाईमाणूस गेलं की मावशीला बोलावणं जायचं. फादरना निरोप, पेटी, मुंबईच्या नातेवाइकांना फोन हे सगळं पुरुष बघत. आत, लुगडं आडवं बांधून केलेल्या आडोशामागे, मावशी मयताला आंघोळ घालायची. "पाणी तापवा, पण कढत नको," हे तिचं पहिलं वाक्य. मग बालदीत कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं. एकदा एका सुनेनं विचारलं, "मावशी, आता त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळत गं. माझ्या हाताला कळतं ना."

अंग ताठायच्या आत हनुवटीखालून पट्टी बांधायची. केसांना तेल लावून भांग पाडायचा. नखांत चुलीची राख असेल तर काडीनं काढायची. बोटांत रोझरी गुंफायची. पैसे कधी घेतले नाहीत. घ्यायची ती उरलेली साबणाची वडी. घरच्यांना ती नकोशी होते, टाकवतही नाही. मावशी ती कागदात गुंडाळून नेई. तिच्या न्हाणीत एका बशीत असे तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले असत, हिरवे, गुलाबी, पांढरे. त्यांनीच ती कपडे धुवायची. लहानपणी मला त्या बशीची भीती वाटे.

तशी ती गोड बाई मुळीच नव्हती. नारळ मोजताना दोनदा भांडायची, मिस्सेत उपदेश सुरू झाला की पेंगायची. पडलेला नारळ कोणाच्या हद्दीतला यावरून शेजारणीशी सात वर्षं अबोला धरला होता. ती शेजारीण गेली त्या रात्रीही वाडीतून बॅटरी निघाली.

मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाबद्दल येशू दयेची जी कामं सांगतो ती सहा आहेत: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. मेलेल्याला मूठमाती हे सातवं काम चर्चनं पुढं जोडलं, तोबितच्या पुस्तकावरून. निनवे शहरात आपल्या लोकांची बेवारस प्रेतं तोबित राजाच्या नकळत पुरायचा. शेजारी हसायचे. अशाच एका रात्री प्रेत पुरून तो अंगणात भिंतीलगत झोपला, डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडली आणि त्याची दृष्टी गेली. चांगल्या कामाचं फळ लगेच मिळतं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी. मावशीच्याही डोळ्यांत शेवटी मोतीबिंदू उतरला होता. भांग ती बोटांनी चाचपून पाडायची, आणि तो सरळच पडायचा.

आता संत म्हणाल तर गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत इतर 25 जणांसोबत त्यांना क्रूसावर मारलं. रोमनं त्यांना संत म्हटलं ते 1862 मध्ये, 265 वर्षांनी. त्या कामाला चौकशी लागते, कागद लागतात. हुतात्मा नसेल तर एरवी दोन चमत्कारही. मावशीची फाइल कोण पाठवणार? आणि चमत्काराच्या रकान्यात काय लिहिणार, पाणी कोमट होतं? पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या पत्रात शेजारच्या घरातल्या संतांविषयी लिहिलं, तेव्हा मला आधी ती बशी आठवली. 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण मूळचा अशांचाही आहे, ज्यांच्या नावाचा वेगळा दिवस नाही.

करोनाच्या दिवसांत मयत पिशवीत बंद होऊन यायचं. आंघोळ नाही, पट्टी नाही, तोंड बघणं नाही. मावशी ओटीवर बसून असायची, हात मांडीवर उताणे. रात्री रस्त्यानं अॅम्ब्युलन्स गेली की उठून बॅटरी लावायची आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत धरून उभी राहायची. ड्रायव्हरला ती दिसली तरी असेल का, देव जाणे.

ती स्वतः गेली पहाटे, झोपेत. आम्ही तिघी-चौघी जमलो आणि एकमेकींकडे बघत राहिलो. आडोसा बांधला. पाणी तापवलं ते फारच कढलं. गार पाणी ओतलं तर फार निवलं. पुन्हा तापवलं. मग त्या अबोला धरलेल्या शेजारणीच्या सुनेनं कोपर बुडवलं. मग मी. "अजून थोडं थांबू या," ती म्हणाली.

भांग वाकडा पडला. दुसऱ्यांदा पाडला, तरी वाकडाच.

साबणाची वडी अर्धी उरली होती. पाटाच्या कडेला ती कोणीच उचलेना. मी पुसून कागदात गुंडाळली आणि घरी आणली.