उदक खंय गेलें?

शनिवारी रात्री म्हापशात पाऊस कोसळत होता. जेवून बसलो तोच इंग्लंडहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. चेहरा असा, की मला वाटलं याची नोकरी गेली.

"मामा, वीस लिटर घाललें, धाच उरलें! उदक खंय गेलें?"

पठ्ठ्याने आयुष्यात पहिल्यांदा घरी बियर करायला घेतली होती. (तिथे स्वतःपुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. तुम्ही मात्र त्याच्या आईला कळवू नका!) पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं जव, भरडून कढत पाण्यात तासभर ठेवलं, रस गाळला, हॉप्सची फुलं घालून आणखी तासभर उकळला.

आता पेडणे-डिचोलीच्या भट्टीवर हा प्रश्नच येत नाही. काजूच्या नीरोत पाणी घालत नाहीत; पाणी लागतं ते लावणीवर बाहेरून ओतायला, आतली वाफ थंड करायला. बियर मात्र जवळजवळ सगळी पाणीच.

मला बियर पिण्यापलीकडे कळत नाही. पण आजीचा काढा पाहिलेला आहे. ती टोपात माडाचा हीर उभा धरायची, पाणी लागलं तिथे मोडायची, मग तळापासून चौथाईवर नखाने खूण करायची. तिथवर आटलं की चुलीतली लाकडं मागे. तिचा हिशेब उरणाऱ्या पाण्यापासून सुरू व्हायचा.

आम्हीही तसाच उलटा मांडला. पाच किलो जव साधारण पाच लिटर पाणी पिऊन बसतं. तासाभराच्या उकळीत त्याच्या टोपातून चार लिटर वाफ गेली. तळाच्या गाळात एक लिटर. म्हणजे वीस हवे तर तीस घ्यायला हवे होते.

"मग आता दहा लिटर वर ओतूं?"

इथे खरी गोम आहे, मंडळी. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, साखर टोपातच राहते. तेवढं उकळून निववलेलं पाणी परत घातलं तर बिघडत नाही. पण जवाने शोषलेलं पाणी साखर घेऊन बसलेलं असतं. त्याची भरपाई नळाने होत नाही, बियर पातळ होते. त्यावर उपाय आपल्या प्रत्येक रांदपिणीला ठाऊक आहे: नारळाचा दुसरा रस! चोथ्यावर गरम पाणी ओतून पुन्हा गाळायचं. त्याने तर चोथा कचऱ्यात टाकला होता.

शेवटी पाचच लिटर घालून पंधरावर थांबलो.

पुढच्या महिन्यात त्याने फोटो पाठवला. माडाचा हीर तिकडे कुठला मिळायला, लाकडी डावाच्या दांड्यावर सुरीने लिटरालिटराच्या खाचा पाडल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "साडेएकोणीस." उरलेला अर्धा लिटर कुठे गेला, ते मी विचारलं नाही.