खाट क्रमांक ७ वरून

सोमाटणे, ता. मावळ, जि. पुणे

सन्माननीय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठास,
म्हसरूळ, नाशिक.



आपली ओळख जुनी, पण एकतर्फी. मी तुम्हाला नावानं ओळखते. तुमच्या लेखी मी ‘माइट्रल स्टेनोसिस, स्त्री, खाट क्रमांक ७’ आहे. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे जी ‘लाँग केस’ ठेवतात, ती मी.

शाळेत असताना घसा दुखला, ताप आला, मग सांधे सुजले, एक गुडघा बरा होतोय तोवर दुसरा. आईनं निर्गुडीचा पाला बांधला. सांधे बरे झाले, पण त्या तापानं हृदयाची डावीकडची झडप आकसून ठेवली. पुढं कितीतरी वर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेत मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना उजळणी शिकवली. झडपेचा आवाज म्हणे फार सुंदर आहे. हे माझं मत नाही, एका परीक्षकांचं. त्या आवाजामुळंच गेल्या वीस वर्षांत दोन जिल्ह्यांतल्या तीन महाविद्यालयांनी मला बोलावलं. नावं लिहीत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

आदल्या आठवड्यात फोन येतो, “बाई, मंगळवारी केस म्हणून याल ना?” जाण्या-येण्याचं भाडं, चहा, दुपारचं जेवण. सकाळच्या पहिल्या पीएमपीनं मी फाट्यावरून निघते. वॉर्डात आमचा गोतावळा ठरलेला. पाणथरी वाढलेले काका, गळ्याला गाठ असलेली कामशेतची आजी, अर्धांगातून उठलेला टेम्पोवाला. आम्ही एकमेकांना आजारानंच ओळखतो. परीक्षा सुरू व्हायच्या आधी एक ताई येऊन बजावून जातात, “निदान सांगायचं नाही हं!” आम्ही माना डोलावतो.

आणि तरी सांगतो. निदान नव्हे, वाट दाखवतो. माझ्या झडपेचा आवाज मला डाव्या कुशीवर वळवून, श्वास बाहेर सोडून धरायला लावला की नीट ऐकू येतो, तोही स्टेथोस्कोपच्या घंटेसारख्या बाजूनं. घामेघूम झालेलं पोर मला उताणीच ठेवून कानात प्राण आणून ऐकत असलं, की मी आपली ‘अगं बाई, कंबर अवघडली’ म्हणत डावीकडे वळते. हुशार असेल त्याला कळतं. ही कॉपी आहे हे मला मान्य आहे. तीस वर्षं पर्यवेक्षण केलंय मी.

मास्तरकीची दुसरी सवय म्हणजे गुण देणं. माझ्याकडं दोनशे पानी वही आहे. तपासून गेलेल्या प्रत्येक मुलामुलीला तीत पाचपैकी गुण आहेत. नाव बहुधा माहीत नसतं, म्हणून ‘चष्मेवाला, लातूरकडचा’ अशी नोंद. हात थंड असले तर चोळून मग लावले, अर्धा गुण. पदर बाजूला करायच्या आधी विचारलं, एक गुण. माझं वाक्य पुरं होऊ दिलं, दोन गुण. हे दोन गुण फार थोड्यांना मिळालेत.

कारण वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला ते वाक्य कळावं लागतं. शेजारच्या खाटेवर एकदा पवनेच्या खोऱ्यातली बाई होती. म्हणाली, “दम लागतो.” मुलानं कागदावर दमा लिहिला आणि पुढचे सगळे प्रश्न दम्याचेच विचारले. बाईचं हृदय थकलं होतं. दुसऱ्या एकीनं खाली मान घालून सांगितलं, “अंगावर पांढरं जातंय,” तर परराज्यातून आलेला बिचारा मुलगा तिच्या हातापायांवर पांढरे डाग शोधायला लागला. आम्ही सगळ्याजणी हसलो. ती हसली नाही. पुन्हा तिनं तोंडच उघडलं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये यानं फार तर पाच-दहा गुण जातात. पण आषाढात आमच्याकडं भातलावणीला या. रात्री-अपरात्री पोराला घेऊन आलेली आई म्हणेल, “पान लागलंय.” सापाचं नाव रात्री घ्यायचं नाही, म्हणून चावण्याला पान लागणं म्हणतात. त्यातून मण्यार असेल तर जमिनीवर झोपलेल्याला चावते, ठणका नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पुढं पापण्या जड होतात. त्या वेळी समोरच्या इंटर्नच्या हातात निदानाचा एकच धागा असतो, आईचे दोन शब्द. ते कळले नाहीत तर पोराला पित्ताची गोळी मिळेल, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष त्याच इमारतीतल्या फ्रीजमध्ये पडून राहील.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम दिल्लीचा आयोग ठरवतो. ठाऊक आहे. २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, सुरुवातीच्या महिन्यात स्थानिक भाषेचे तास आले, वृत्ती-नीती-संवाद असा विषय आला. मग २०२२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची, असंही ठरलं. (कोण कोणाला दत्तक घेतं, हा प्रश्न आमच्या आळीत अजून सुटलेला नाही. आलेल्या मुलांना जेवू आम्हीच घालतो.) सगळं चांगलं आहे. पण भाषेच्या तासांचं पुढं काय होतं? लॉगबुकात सही होते. मी मास्तरीण आहे हो. जे परीक्षेत येत नाही ते मुलं ऐच्छिक समजतात, हे मला कुठल्या आयोगानं सांगायला नको. परीक्षा तुमची, परीक्षक तुम्ही नेमता, म्हणून पत्र तुम्हाला.

गैरसमज नको, मराठीतून एमबीबीएस करा असं माझं म्हणणं नाही. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये हिंदी पुस्तकं काढली तेव्हा आपल्याकडंही ती चर्चा झाली. आपल्याला ते नवीनही नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० च्या दशकातच मराठी आणि गुजराती वर्ग निघाले होते, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तकं लिहिली होती. हाडांची नावं इंग्रजीत राहिली तरी माझी हरकत नाही. माझं हाड कुठल्या भाषेत मोडलं यानं फरक पडत नाही, ते कसं मोडलं हे मी ज्या भाषेत सांगते तिच्यानं पडतो.

रुग्णाजवळ बसून काय साधतं ते पाहा. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावून माणसं का दगावतात हे पुस्तकात धड नव्हतं, तेव्हा ते रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. हृदय आणि फुप्फुसं कशी ढासळतात ते टिपलं, ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, प्राझोसिन हे साधं औषध देऊन जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खाटांवरची माणसं इंग्रजीत कण्हत नव्हती.

आता मागणी. परदेशात १९६३ साली हॉवर्ड बॅरोज नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं धडधाकट माणसांना रुग्णाचा अभिनय शिकवून विद्यार्थ्यांपुढं बसवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी टप्प्याटप्प्यांची परीक्षा आणली, जी आता तुमच्याकडंही होते. तिकडं कित्येक ठिकाणी असे नट-रुग्ण विद्यार्थ्यांना गुणही देतात. नाटकातल्या रुग्णाला गुण द्यायचा हक्क, आणि इथं खरी झडप घेऊन बसलेल्या मला चहा-बिस्किट! शंभरातले पाच गुण आमच्या हाती द्या. लिहिता न येणाऱ्याला तीन चेहऱ्यांचा कागद द्या, हसरा, साधा, रडका. आणि केसपेपरच्या पहिल्या ओळीत रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत, देवनागरीत लिहायला लावा. ‘दम लागतो.’ ‘पान लागलंय.’ खाली मग काय ते इंग्रजी.

हे शब्द शिकवणार कोण म्हणाल, तर तीही तुमच्याच घरात आहेत. नर्सिंगच्या मुली तुमच्याच विद्यापीठाच्या, बीड-नांदेडकडून आलेल्या. वॉर्डात अडलेल्या डॉक्टरांना हळूच अर्थ त्याच सांगतात. फिजिओथेरपीची मुलंही तुमचीच, रुग्णाशी सगळ्यांत जास्त वेळ बोलतात ती. ही सगळी पोरं एका कुलगुरूंच्या सहीची पदवी घेतात, पण एका बाकावर बसून एकही तास शिकत नाहीत. आठवड्यातून एक तास त्यांना एकत्र बसवा, आणि शिकवायला नर्सिंगची मुलगी उभी करा. डॉक्टरमुलांना जरा जड जाईल. जाऊ द्या.

शेजारच्या तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालय १९९५ मध्ये निघालं, तेव्हा तुम्ही नव्हता. तुम्ही १९९८ चे. आता टोलनाक्याजवळ रिक्षाची वाट पाहणारी पांढऱ्या ॲप्रनमधली मुलं दिसली की मी थांबते. परवा एका मुलीनं मला ओळखलं. माझा चेहरा नव्हे, झडप. म्हणाली, “काकू, तुम्ही डावीकडं वळला होतात.” केरळची होती, मराठी आता चांगलं बोलते. मी घरी येऊन वही काढली. तिला तेव्हा अडीच दिले होते, खोडून साडेतीन केले.

वहीत ११४ नोंदी आहेत. हवी असेल तर झेरॉक्स काढून पाठवते. मूळ वही मिळणार नाही, उन्हाळ्यातल्या परीक्षेला लागेल.

आपली,
खाट क्रमांक ७