उच्चारशुद्धी : २० गुण

वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकाच्या हाती जो तक्ता देतात, त्यात एक रकाना ठरलेला असतो : उच्चारशुद्धी, २० गुण. विषयाची मांडणी, भाषाशैली, सभाधीटपणा या रकान्यांपाशी मी घुटमळायचे, दिलेले गुण खोडून पुन्हा लिहायचे. उच्चारशुद्धीच्या रकान्यात मात्र माझा हात कधीच अडला नाही. तिथलं मला सगळं कळतं, अशी माझी खात्री होती. ती खात्री चुकीची होती, आणि तिचा भुर्दंड मला पडला नाही, माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलांना पडला. म्हणून हे लिहिते आहे.

माझं लहानपण वाईला गेलं. वडील पहाटे स्तोत्रं म्हणत आणि माझ्याकडून पाठ करून घेत. एखादा ण घसरला की पुन्हा पहिल्यापासून. त्वष्ट्याची गोष्ट ते वरचेवर सांगत. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, पण ‘इंद्रशत्रु’ हा शब्द म्हणताना स्वर चुकला, अर्थ उलटा झाला आणि त्याचा तो पुत्र वृत्रच इंद्राच्या हातून मेला. एका उच्चारापायी मुलगा गेला, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे अकोल्याला मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ही गोष्ट माझ्याबरोबर वर्गात आली. पोराची जीभ वळत नाही म्हणजे एकतर आळस, नाहीतर घरी वळण नाही, असं मी धरून चालले. मराठी जशी लिहितात तशीच बोलतात, मग अक्षर समोर असताना चुकायचं कारणच काय, हा माझा दुसरा पक्का समज.

अशाच एका आंतरशालेय स्पर्धेत खारपाणपट्ट्यातल्या एका गावातून आठवीतली मुलगी आली होती. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा. इथे जमिनीखालचं पाणीच खारट. बाकीची मुलं पाठ केलेली भाषणं म्हणत होती. ही मुलगी आपल्या घराजवळच्या विहिरीवर बोलली. विहीर भरलेली असते आणि तरी घरात प्यायला थेंब नसतो, हे तिने सांगितलं. आई गोडं पाणी आणायला रोज किती चालते, ते सांगितलं. सभागृह गप्प झालं होतं. आणि मी कागदाच्या कडेला रेघा ओढत होते. ती ‘पानी’ म्हणाली की एक रेघ. ‘आनते’ म्हणाली की दुसरी. शेवटी ‘आईच्या डोयात पानी आलं’ असं म्हणाली, तेव्हा मी एका दमात दोन रेघा ओढल्या. उच्चारशुद्धीत तिला २० पैकी ६ गुण दिले. मांडणीत तिला सगळ्यांत जास्त गुण होते, तरी बेरजेत ती चौथी आली आणि बक्षिसं तीनच होती. नंतर तिच्या शिक्षकांना मी बाजूला घेऊन म्हणाले, “मुलगी हुशार आहे, तेवढं ‘ण’चं बघा.” ते मान खाली घालून “हो मॅडम” म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षांनी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मला स्वनविज्ञान भेटलं. तोंडातून ध्वनी निघतो कसा, हवेतून जातो कसा आणि कानाला कळतो कसा, याचा अभ्यास म्हणजे स्वनविज्ञान. शिकवायला भाषाविज्ञानाचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी कसलीही व्याख्या सांगितली नाही. प्रत्येकाला एक छोटा आरसा आणि वहीच्या कागदाची बोटभर पट्टी दिली. पट्टी ओठांपुढे धरून आम्ही ‘पळ’ म्हणालो, कागद जागचा हलला नाही. ‘खण’ म्हणालो, कागद फडफडला. हाच महाप्राण. मग घशावर बोटं ठेवून ‘सऽऽ’ म्हणालो, बोटांना काही लागलं नाही. ‘मऽऽ’ म्हणालो, आत गुणगुण लागली. घोष आणि अघोष. हे शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. बोटांना लागले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग ते म्हणाले, “आता आरशात बघत ‘फूल’ म्हणा. पवर्ग ओष्ठ्य आहे ना? दोन्ही ओठ मिटतात का बघा.”

माझे मिटले नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर टेकले आणि मधून हवा निसटली. मी पुन्हा म्हणाले. फळ, फणस, फुंकर. ओठ एकदाही मिटले नाहीत. पुस्तकातला ‘फ’ म्हणजे हवा जोराने सोडलेला ‘प’. मी म्हणत होते तो इंग्रजी ‘फॅन’मधला. माझ्या शेजारी बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातले शिक्षक बसले होते. त्यांच्या आरशात ‘फ’ला ओठ नीट मिटत होते. पुढे ‘ष’ची पाळी आली. तो मूर्धन्य, जिभेचं टोक वर वळायला हवं. मी ‘षट्कोन’ म्हणाले आणि माझी जीभ ‘शहाण्या’च्याच जागी गेली. मूळ संस्कृतात ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ. मी ‘द्न्य’ म्हणते, हिंदीभाषक ‘ग्य’ म्हणतो. ‘ऋ’चा मी ‘रु’ करते, तो ‘रि’ करतो. ज्या मापाने मी त्या मुलीला ६ गुण दिले, ते माप मला लावलं असतं तर मीही पास झाले नसते. फरक इतकाच होता की माझ्या चुका माझ्यासारखीच माणसं करत होती, म्हणून कोणी त्यांना चुका म्हणत नव्हतं.

जसं लिहितो तसं बोलतो, हा समजही त्याच दिवशी गेला. प्राध्यापकांनी ‘प्रात’ नावाची संगणकप्रणाली उघडली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ती तयार केली आहे, कोणालाही ती फुकट मिळते. मी माइकमध्ये म्हणाले, “या जगात जग.” पडद्यावर माझा आवाज करड्या पट्ट्यांनी उमटला. दोन ‘ज’ वेगळे होते. पहिल्याची घर्षणाची छाया खालपासून पसरली होती, दुसऱ्याची वर सरकून ‘स’च्या जवळ गेली होती. पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांच्या मुळाशी. अक्षर मात्र एकच. ‘चिंच’ म्हणून पाहा : आधीचा च वेगळा, नंतरचा वेगळा. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतले झ वेगळे. आपण सगळे हा भेद रोज बिनचूक पाळतो, आणि तो दाखवणारी खूण आपल्या लिपीत नाही. ‘घर’ लिहितो तेव्हा शेवटच्या र मध्ये अ आहे, बोलताना तो नसतो. लिपी ही उच्चाराची छायाप्रत नाही, आठवणीसाठी केलेली खूण आहे. कोणी शिकवल्याशिवाय आपण चिंच बरोबर म्हणतो, कारण घरात ती तशीच ऐकलेली असते. त्या मुलीने ‘पानी’ही तसंच घरात ऐकलं होतं.

मग मी वाचत सुटले. ना. गो. कालेलकरांचं ‘ध्वनिविचार’ वाचलं. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ वा. गो. परांजप्यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला आहे, तो वाचला. तिथे मला माझा ‘ण’ भेटला. पाण्याचा मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात दंत्य न आहे. प्राकृतात त्याचा ‘पाणिअ’ झाला आणि तिथून आपलं पाणी आलं. संस्कृत ‘जन’चा मराठीत ‘जण’ झाला, ‘भगिनी’ची ‘बहीण’ झाली. ‘फळ’ आणि ‘काळा’ यांतल्या ळ च्या जागी संस्कृतात ल आहे. म्हणजे ज्या ण आणि ळ ला मी शुद्धतेची खूण मानत होते, ते दोन्ही या शब्दांत संस्कृतापासून दूर सरकल्यामुळेच आलेले आहेत. तेव्हा ‘पानी’च खरं शुद्ध, असं मला म्हणायचं नाही. इकडच्या वऱ्हाडी बोलीत न आला तोही बदलाच्या ओघातच आला. ‘पाणी’ आणि ‘पानी’ ही एकाच शब्दाची दोन्ही वयात आलेली लेकरं आहेत, त्यांतलं एक पुस्तकात गेलं एवढंच.

वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. आगरी बोलीत घोड्याचा घोरा होतो. हे बदल कोणाच्या लहरीने होत नाहीत. शब्दामागून शब्द, एका नेमाने होतात. ज्याला मी वळण नसणं म्हणत होते, ते वळणच होतं, मला ते वाचता येत नव्हतं. आणि मी कुठे बसून हे म्हणत होते? मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, याच वऱ्हाडात आहे.

आळसाचा आरोप तर फारच जिव्हारी लागला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात केलेला एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. घरात जो भेद कामाचा नाही, तो कान वर्षाच्या आत बाजूला ठेवायला लागतो. मी आठवीतल्या मुलांवर “ण म्हण, ण!” असं ओरडत होते. आवाज चढवल्याने ऐकू येईल, असं ते नव्हतंच.

वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीकडेही मी परत गेले. वेदमंत्रांच्या उच्चाराचे नियम सांगणारे शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्यं रचणाऱ्यांविषयी माझा आदर वाढलाच. कंठापासून ओठांपर्यंत जागा मोजत, अघोष-घोष आणि अल्पप्राण-महाप्राण अशी वर्गवारी करत त्यांनी वर्णमाला लावली. असा क्रम इंग्रजीच्या ए-बी-सी-डीत नाही. पण त्यांच्यासमोर मंत्र होता, अक्षरही न हलवता पुढे पोचवायचा ठेवा. त्याला लावलेला नियम मी आईच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल बोलणाऱ्या मुलीला लावला. चूक त्या शास्त्राची नव्हती.

आता वर्गात काय करते, ते सांगते. प्रमाण मराठी मी आजही शिकवते, पूर्वीपेक्षा जास्त मनापासून. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत ती लागते, आणि ती न शिकवणं म्हणजे मुलांना दारातच उभं ठेवणं. पण मी “चुकलं” म्हणत नाही. “घरी पानी, वहीत पाणी, दोन्ही तुझंच,” असं म्हणते. आरसे वाटते. न ला जिभेचं टोक दातांना लागतं, ण ला ते मागे वळून टाळूला लागतं, हे आधी दाखवते, मग दोन्ही शब्द आलटून पालटून ऐकवते. आठ-पंधरा दिवसांत बहुतेकांच्या कानाला फरक कळतो, जीभ नंतर आपोआप येते. एका मुलाने विचारलं, “मॅडम, मग माह्या आजीचं चुकत नाही ना?” मी म्हणाले, “नाही.” हे उत्तर द्यायला मला फार वर्षं लागली.

त्या स्पर्धेतल्या मुलीचं नाव मला आठवत नाही, गुण आठवतात. तिला शोधून माफी मागणं आता हातात नाही. माझ्यासारखे जे अजून परीक्षकाच्या खुर्चीत बसतात, त्यांना मात्र विनंती करता येते. पुढच्या वेळी तक्ता हाती आला की त्या रकान्यावरचं ‘उच्चारशुद्धी’ खोडा आणि ‘स्पष्टता’ लिहा. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का, वाक्याचा श्वास नीट सांभाळला का, एवढ्यालाच २० गुण ठेवा. आणि कोणी ‘पानी’ म्हणालं, तर पेन खाली ठेवून त्या पाण्याबद्दल ते काय सांगतंय, ते ऐका.