दळण टाकायला चला गिलिनॉरला!

ओल्ड स्कूल रूनस्केप! सध्या भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय. करजणहून वडोदऱ्याला जाणाऱ्या मेमूत शेजारी बसणाऱ्या बायकांना सांगून झालं, घरी सांगून झालं, आता तुम्हाला सांगते. अँड्र्यू आणि पॉल गावर या इंग्लंडमधल्या दोन भावांनी ४ जानेवारी २००१ रोजी रूनस्केप नावाचा ऑनलाइन खेळ सुरू केला. आपण त्यात एक पात्र घ्यायचं आणि गिलिनॉर नावाच्या जगात हजारो अनोळखी माणसांबरोबर राहायचं. चेहरे चौकोनी, झाडं ठोकळ्यांची, आणि तरी २०२५ साली या खेळात एकाच वेळी दोन लाखांहून जास्त माणसं हजर होती! पंचवीस वर्षं होत आलेल्या खेळात!

मला हे वेड लावलं भाच्यानं. तो म्हणाला, "मावशी, हा खेळ कुणी कायमचा सोडत नाही. लोक फक्त मधे सुट्टी घेतात." का येतात परत, असं विचारलं, तर सगळे एकच उत्तर देतात: बालपणाची आठवण. मला ते पटत नाही. माझ्या लहानपणी घरात संगणकच नव्हता, या खेळाची एकही आठवण माझ्या गाठीशी नाही, आणि तरी रात्रीची भांडी आवरली की माझा हात फोनकडे जातो. तेव्हा कारण आठवणीत नाही, खेळातच आहे.

पहिली कामगिरीच बघा. लंब्रिजच्या किल्ल्यात स्वयंपाकी हवालदिल होऊन उभा आहे. ड्यूकचा वाढदिवस, आणि केकचं सामान नाही. अंडं, दूध, पीठ आणून द्या म्हणतो. मला वाटलं, दुकानातून घेऊ. छे! अंड्यासाठी कोंबड्यांच्या वाड्यात जायचं. दुधासाठी बादली शोधायची आणि गाय स्वतः पिळायची. आणि पीठ? शेतात जाऊन गहू खुडायचा, तो घेऊन पवनचक्कीत शिरायचं, शिडीनं थेट वरच्या माळ्यावर चढायचं, गहू चाड्यात ओतायचा, दांडा ओढायचा, मग पुन्हा तळाशी उतरून रिकाम्या भांड्यात पीठ भरून घ्यायचं. मी भांडं न घेताच गेले होते, म्हणून परत किल्ल्यात आले आणि भांडं घेऊन पुन्हा गेले. हे हेलपाटे मला इतके आवडले म्हणून सांगू! कारण त्या पिठाचा कण अन् कण माझ्या पायांनी आला होता. बक्षीस काय, तर स्वयंपाकाचे ३०० गुण आणि त्या स्वयंपाक्याची चूल वापरायची मुभा. चूल! राजकन्या नाही, तलवार नाही, चूल!

इथे सगळं असंच मेहनतीनं होतं. झाड तोडायचं, त्याच लाकडाचा जाळ करायचा, त्यावर मासा भाजायचा; सुरुवातीला मासे जळतात, हात बसला की कमी जळतात. आणि घाई नाही. हा खेळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. आपण काहीही करा, ते पुढच्या ठोक्याला घडतं. म्हणून मेमूत, करजणच्या मियागाम स्टेशनाजवळ फोनची रेंज डगमगली तरी माझं लाकूडतोडणं सुरू राहतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हा खेळ फोनवर आला, आणि संगणकावरचं तेच पात्र फोनवर जसंच्या तसं मिळतं.

आता खरी गंमत. प्रत्येक कौशल्याची पातळी ९९ पर्यंत जाते, आणि ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ गुण. पण ९२ व्या पातळीला लागतात ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला पोहोचलेला माणूस जवळजवळ नेमका अर्ध्या वाटेवर असतो! हे कळल्यावर मी थक्क झाले. म्हणूनच डोक्यावर ९९ चे फटाके उडाले की आसपासचे अनोळखी लोक हातातलं काम थांबवून अभिनंदन टाइप करतात. त्यामागची मेहनत प्रत्येकाला ठाऊक असते. आणि ही मेहनत वाया जात नाही. कितीतरी खेळांत नवी भर पडली की कालची शस्त्रं भंगारात निघतात. इथे २००५ साली आलेला अबिसल व्हिप नावाचा चाबूक आजही कामाला येतो. तीन वर्षांनी परतलेल्या माणसाची पातळी तीच असते, पेटीतला माल तोच असतो, पायाखालची वाट तीच असते. मग का नाही यायचं परत?

पण ही वाट एकदा पार पुसली गेली होती, आणि तो किस्सा ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या जॅगेक्स कंपनीनं लढाईची पद्धत मुळापासून बदलली. खेळाडू चिडले, कित्येक निघून गेले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली खेळाची एक साठवलेली प्रत होती. हीच प्रत पुन्हा सुरू करू का, असं फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाडूंनाच विचारलं, २२ फेब्रुवारीला ते जुनं जग 'ओल्ड स्कूल' या नावानं उघडलं, आणि मतदान संपेपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली! आमच्या करजणला हे जास्तच भिडतं. १८६२ साली खंडेराव गायकवाडांनी डभोई-मियागाम मार्गावर छोटी गाडी सुरू केली, ती बैल ओढायचे. त्या बैलांच्या गाडीत बसायला मी काय वाटेल ते दिलं असतं, पण ती पकडायची कशी? इथे मात्र लोकांनी हरवलेलं स्टेशन मतदान करून परत मिळवलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या बड्या खेळाला आपली जुनी आवृत्ती उघडायला पुढे २०१९ चा ऑगस्ट उजाडला.

आणि मतदान तिथेच थांबलं नाही. आजही महत्त्वाची नवी गोष्ट सहसा खेळाडूंच्या मताशिवाय आत येत नाही. आधी ७५ टक्के होकार लागायचा, आता ७० लागतो. 'वॉर्डिंग' नावाच्या नव्या कौशल्याला २०१९ मध्ये निम्म्याहून बरीच जास्त मतं मिळाली, तरी तेवढी पुरली नाहीत आणि ते बाहेर राहिलं. जहाज चालवण्याचं कौशल्य वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होतं. त्याला २०२३ मध्ये लोकांनी होकार दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते खरंच पाण्यात उतरलं. ज्या गावच्या प्रत्येक नव्या रस्त्यावर आपलं मत पडलेलं असतं, ते गाव माणूस सोडेल कशाला?

हे लोक स्वतःवर नियमही लादून घेतात! दुसऱ्याशी काही देवघेव करायची नाही, सगळं आपल्या हातानं मिळवायचं, असं काही खेळाडूंनी आपणहून ठरवलं. २०१४ मध्ये कंपनीनं त्याचाच 'आयर्नमॅन' हा अधिकृत प्रकार केला. सेटल्ड या नावानं व्हिडिओ करणाऱ्या खेळाडूनं तर आपलं पात्र मोरिटानिया या दलदलीच्या एकाच प्रांतात कोंडून घातलं आणि तिथून बाहेर पाऊल न टाकता एकेक अशक्य वाटणारी गोष्ट मिळवली. मी ती मालिका बघायला बसले आणि उठले तेव्हा उजाडायला आलं होतं. जग तेच, पण नियम बदलला की प्रत्येक झाड, प्रत्येक मासा नव्यानं मोलाचा होतो. लोक परत येतात ते असे, दरवेळी नवी अट घालून.

संगीत तर राहिलंच! पोर्ट सारिमच्या धक्क्यावर पाऊल टाकलं की इयन टेलरनं रचलेली 'सी शँटी २' वाजायला लागते, आणि नवीन जागी गेलं की नवी धून आपल्या यादीत जमा होते. मी केवळ धुनांसाठी भटकते. परवा अशीच भटकत व्हॅरॉक शहराच्या बाजारात पोहोचले. तिथे शेकडो लोक खरेदी-विक्री करत उभे, त्यातल्या एकानं मला नवखी ओळखून न मागता कुऱ्हाड दिली आणि गेलाही निघून. नाव वाचायच्या आत.

खेळाचा काही भाग फुकट आहे, मोठा भाग वर्गणी भरल्यावर उघडतो. मी अजून फुकटातच आहे आणि तेवढंही मला संपेना. भाच्याला कालच सांगितलं, "तुझं ते अर्ध्यावर सोडलेलं पात्र काढ बाहेर." त्यानं पासवर्ड शोधला. पात्र होतं तिथेच उभं, पिशवीत कोळशाची ढेकळं. आता रविवारी आम्ही दोघं मिळून खाणीत जाणार आहोत. तुम्हीही या. पहिले मासे जळतील, जळू द्या. आणि गिरणीत जाताना रिकामं भांडं आठवणीनं घ्या.