झाकून ठेवलेले ताट

शाळेच्या स्मरणिकेसाठी आवडत्या पुस्तकाविषयी लिहावे, असा निरोप आला तेव्हा वसतिगृहाच्या वाचनालयातील, पुठ्ठा निखळलेली ‘फकिरा’ डोळ्यांसमोर आली. ती आठवण सुखद नाही. तरीही या शाळेने मला जे दिले, त्यात त्या प्रतीला मी अग्रस्थान देतो.

मी आठवीत असताना चारकोपहून वडिलांचे पत्र आले. म्हाडाच्या भूखंडावरील आमच्या लहानशा घरातून दादाला चोरीच्या संशयावरून नेले होते. तीन दिवसांनी त्याला सोडले. चोरी त्याने केलीच नव्हती. परंतु पत्र कुणीतरी वाचले आणि मी ‘चोराचा भाऊ’ झालो. राग मला आला तो दादाचाच. दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही.

सुटीनंतर वाचनालय सांभाळणाऱ्या सरांनी काहीही न विचारता अण्णाभाऊ साठे यांची ती कादंबरी माझ्या हाती ठेवली.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगावात जन्मलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिला आणि १९६९ साली गोरेगावात निवर्तला. आमच्या कांदिवलीहून गोरेगाव लोकलने अवघी दोन स्थानके. पण त्या वयात मला हे ठाऊक नव्हते.

कायद्याच्या भाषेत फकिरा दरोडेखोर आहे. दुष्काळात तो धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर पुढे अनेक जमातींवर गुन्हा घडण्याआधीच शिक्का मारला होता; तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. अण्णाभाऊ मात्र लुटीपासून आरंभ करत नाहीत. आधी फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगिणी आणताना मारला जातो. मागे राहते राधा, आणि बापाविना वाढणारा मुलगा. त्या घराचे दुःख आपण आधी पाहिलेले असते, म्हणून पुढे तलवार उपसली जाते तेव्हा केवळ चित्तथरारक प्रसंग वाचल्याचे समाधान मिळत नाही. काळजात धस्स होते. शेवटीही फकिराला पेचात पकडते ते त्याच्या माणसांचे प्रेमच. त्यांना डांबले जाते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःला स्वाधीन करतो.

गुन्ह्याची कादंबरी मनाला भिडते ती याच कारणाने, असे मला वाटते. गुन्हा कोणी केला, हे कळले की रहस्य संपते. त्या रात्री घरात कोण जागे होते, चूल पेटली का, या प्रश्नांना मात्र शेवटचे पान नसते. किसा गोतमीला तथागतांनी मूठभर मोहरीसाठी घरोघर पाठवले. ज्या घरी कुणी मेले नाही असे एकही घर तिला सापडले नाही, आणि आपले दुःख एकट्याचे नाही हे तिला उमगले. चांगली कादंबरी वाचकाला अशीच दारोदार हिंडवते; ज्या दाराकडे पाहायचीही आपल्याला लाज वाटते, त्या दाराशीही नेऊन उभे करते.

मला तिने माझ्याच दाराशी नेले. मे महिन्याच्या सुटीत मी आईला विचारले, “दादाला नेले त्या रात्री तू काय केलेस?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचे. सकाळी तेच मी खायचे. तिन्ही दिवस.” त्याच वेळी कळले की दादाने रात्रशाळा सोडली होती. मी तोवर विचारलेच नव्हते.

दादाची क्षमा मी पुष्कळ उशिरा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “तू लहान होतास.” आज तो नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना एकच विनंती. कुणाच्या घरावर असा प्रसंग आला, तर त्या घरातील लेकराला नाव ठेवण्यापूर्वी आत किती ताटे झाकून ठेवली असतील, याचा विचार करावा. वाचनालयासाठी ‘फकिरा’च्या दोन नव्या प्रती सोबत पाठवत आहे. जुनी प्रत अजून असेल, तर तिचा पुठ्ठा मी स्वतः येऊन बांधून देईन.

जय भीम! नमो बुद्धाय!