दुसऱ्याच्या नावावर चालणारा

बिलोलीकरांना अधिकार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. निजामाच्या अमदानीत पाहिला, 1948 नंतरचाही पाहिला. तहसील कचेरीच्या पायरीवर उन्हं चढेपर्यंत बसलं की तो शिक्क्यातून, सहीतून, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या वाक्यातून भेटतोच. मला ज्याची ओळख करून द्यायची आहे, तो या भावकीतला नाही. हा ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना मिळालेला अधिकार. प्रार्थनेच्या शेवटी कुणी ‘येशूच्या नावानं’ म्हटलं, की समजावं स्वारी आली.

त्याच्याजवळ स्वतःचं म्हणून काही नाही. मुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूस जमिनीचा मालक नसतो, तरी त्याची सही चालते, आणि मालकानं लिहून दिलंय तेवढ्यापुरतीच चालते. याचंही तसंच. मालकाचं नाव बाजूला काढलं की हा मुका होतो.

घराणं गालीलातलं. लूकच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात तो बारा शिष्यांना मिळतो आणि दहाव्यात आणखी सत्तर जणांना. दोघादोघांनी जायचं, थैली नाही, झोळी नाही, पायताण नाही. ते परतले ते हरखूनच, भुतंसुद्धा आमचं ऐकतात म्हणून. येशूनं त्यांना सांगितलं, त्याचा आनंद मानू नका; तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत, याचा माना. तेव्हापासून याला फुशारकी सोसत नाही. ‘मी अमक्याचं भूत काढलं’ अशी सुरुवात झाली की याचा जीव कोंडतो.

त्याचा स्वभाव नेमका ओळखला तो कफर्णहूमच्या एका रोमी शताधिपतीनं. तो म्हणाला, मीही कुणाच्या तरी हुकमाखाली आहे, म्हणून माझे शिपाई माझं ऐकतात. धर्मशास्त्र न शिकलेल्या फौजी माणसाला हे उमगलं, याचं मला फार कौतुक वाटतं. वर मान तुकवली नाही तर खाली शब्द चालत नाही. या अधिकाराचं सगळं वागणं यातच आलं.

राग मात्र नाकावर. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगारानं येशूचा शिष्य पेत्र याच्यापुढे पैसे ठेवले आणि ही शक्ती मलाही द्या म्हणाला; त्याची खरडपट्टी निघाली. इफिसात स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांनी ओळखपाळख नसताना येशूचं नाव वापरून पाहिलं. भूत लागलेल्या माणसानं सातही जणांना असं बदडलं, की ते उघडेनागडे, घायाळ होऊन घराबाहेर पळाले. भूत काढतो म्हणून आजारी माणसाला साखळीनं बांधून मारणारे आजही आहेत. महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा ठरला. तिथं हा अधिकार कधीच नसतो. तिथं असते ती दांडगाई.

बिशपांशीही त्याचं नेहमी जमतंच असं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढं तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावं असा विचार निघाला आणि बिशपांनी हरकत घेतली. बाईंनी कळवलं, की पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. देवापुढे नम्र आणि माणसापुढे ताठ, ही याची जुनी खोड बाईंनाही होती.

मग तो बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमला. तिथं होत्या विधवा, टाकलेल्या बायका, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली. जानेवारी 1905 मध्ये रोज प्रार्थनेला कोण बसेल, असं बाईंनी विचारलं, तर सत्तर जणी पुढे आल्या. लूकमध्येही सत्तरच! पुढं हा आकडा साडेपाचशेवर गेला. मग त्यांतल्याच मुली गावोगाव शुभवर्तमान सांगायला निघाल्या. ज्यांच्या सावलीला अपशकुन म्हणत, त्या आता लोकांसाठी देवाकडे मागणं मागत होत्या. हा अधिकार कुणासाठी आहे, हे मला तरी याहून स्पष्ट कुठं दिसलं नाही.

बायबलातल्या त्याच्या आवडीनिवडी आमच्या भागातही तशाच आहेत. दिवसभर कापूस वेचून आलेली एखादी मावशी हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन प्रार्थनेला बसते. बोटांना बोंडांचे ओरखडे असतात. तापलेल्या पोराच्या कपाळावर तोच हात ठेवून ती दोन वाक्यांत मागणं मागते; ओरडणं नाही, अंगात येणं नाही. पोराच्या आईनं नारळ, पैसे पुढे केले तर ती परत करते. जेवणावरून उठून येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते ना, म्हणून सगळ्यांची उष्टी ताटंही तीच उचलते. आणि पोराच्या आईला बजावते, ‘सकाळी लवकर ये, सरकारी दवाखान्यात नंबर लावायला मी येते तुझ्यासंगं.’